आधी घोडा बघायला शिक, तिकीट नंतर काढ

पत्र जरा लांब होतं, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देतो.

"काका नमस्कार. मी २७ वर्षांचा, उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर आहे. आमच्या ग्रुपमधली तिघं दर पावसाळ्यात पुण्याला रेसला जातात, गेल्या सीझनला एकाला जॅकपॉट लागला तेव्हापासून चहाच्या गाड्यावर दुसरा विषयच नाही. मला घोड्यांचं वेड लहानपणापासून, घोडागाडीच्या शर्यती बघत मोठा झालोय, पण रेसमधलं काय म्हणजे काय कळत नाही. भाव, विन, प्लेस हे डोक्यावरून जातं. टेलिग्रामवर एक ग्रुप आहे, महिन्याला ३ हजारात पक्की टिप देतात म्हणे. बोनसचे १५ हजार मी बाजूला ठेवलेत. बायकोला सांगितलेलं नाही. वडलांनी मटक्यात लई घालवलंय, त्यामुळं आईपुढं तर 'लावणे' हा शब्दसुद्धा काढता येत नाही. शिकवाल का, का तुम्ही पण नकोच म्हणणार?"

नको म्हणणार नाही. तुला घोड्याचं वेड आहे हे पत्रात दिसतंय आणि ते वेड मला माहीत आहे. आपल्या कोल्हापूरला पण ते नवीन नाही, संभाजीनगरच्या अलीकडं आपण रेसकोर्स नाका म्हणतो ते नाव काय हवेतनं पडलेलं नाही, संस्थानच्या काळात इथं घोडी पळायची. पण शिकवायचं तर सगळं शिकवणार, पैसे कुठं गळतात ते पण, आणि बायकोचा विषय शेवटी काढणारच आहे, तो टाळून पुढं जायचं नाही.

पहिलं म्हणजे हे कायद्यात बसतं का. बसतं, पण जागेवर. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली सांगितलंय की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या नशिबाचा नाही. आणि आपल्या राज्यात जुगारबंदीचा जो जुना १८८७ चा कायदा आहे त्यात रेसकोर्सच्या आत, लायसन्स असलेल्या ठिकाणी लावायला सूट आहे. म्हणजे क्लबची खिडकी, ज्याला टोट म्हणतात, नाहीतर आत रिंगमध्ये बोर्ड लावून उभा असलेला लायसन्सवाला बुकी. एवढंच. गल्लीत फोनवर घेणारा, उधारीवर लावू देणारा, 'लिंक पाठवतो आयडी बनव' म्हणणारा, हे सगळे त्याच्या बाहेर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर तर केंद्रानं २०२५ मध्ये बंदीचा कायदाच केलाय. अशा ठिकाणी जिंकलास आणि त्यानं फोन उचलला नाही तर तक्रार कुणाकडं करणार?

आपल्या राज्यात रेस दोन ठिकाणी होते, रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब दोन्हीकडं चालवतो. पावसाळ्यात साधारण जुलैपासून पुण्यात, कॅम्पातल्या रेसकोर्सवर, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मुंबईत महालक्ष्मीला. इंडियन डर्बी महालक्ष्मीलाच, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारच्या आसपास, २४०० मीटर, चार वर्षांचे घोडे. ती एकदा आयुष्यात बघच, एक रुपया न लावता बघितलीस तरी चालतंय.

आता भाव. इथं नीट लक्ष दे कारण नव्या माणसाचं सगळं इथंच चुकतं. भाव म्हणजे घोडा किती चांगला ते नाही, भाव म्हणजे त्या घोड्याची किंमत. '२ ला १' म्हणजे १०० लावले, घोडा आला, तर २०० फायदा आणि तुझे १०० परत. ह्याचा उलटा अर्थ असा की बाजार म्हणतोय हा घोडा तीनदा पळाला तर एकदा येईल. इव्हन म्हणजे १०० ला १००, निम्म्या वेळा येईल. आता समजा चारच घोडी आहेत आणि बोर्डावर भाव आहेत इव्हन, २ ला १, ३ ला १ आणि ५ ला १. टक्के काढ. ५०, ३३, २५, १७. बेरीज कर, १२५ येते. चार घोड्यांत मिळून शक्यता १०० च्या वर जाऊच शकत नाही, मग वरचे २५ कुठनं आले? तो बुकीचा गाळा. बाजारात भाजी घेताना तू वजनकाटा बघतोस की नाही, तसं बोर्डापुढं उभा राहून ही बेरीज करायची सवय लाव, महिन्याभरात तोंडपाठ होईल.

टोटचं वेगळं. तिथं सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, त्यातनं क्लब आपला हिस्सा आणि कर काढून घेतो, उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांत वाटतात. म्हणून टोटवर तू तिकीट काढतोस तेव्हा नेमकं किती मिळणार हे ठरलेलं नसतं, घोडी सुटायचं गेट उघडेपर्यंत आकडा हलत राहतो. विन म्हणजे पहिलाच आला पाहिजे. प्लेस म्हणजे पहिल्या दोन-तीनात आला तरी चालतं, किती नंबरांपर्यंत ते घोडी किती पळतायत त्यावर, पैसे अर्थातच कमी. क्विनेला म्हणजे पहिले दोन, मागंपुढं कसेही. फोरकास्ट म्हणजे पहिले दोन त्याच क्रमानं, टनाला म्हणजे पहिले तीन क्रमानं. आणि जॅकपॉट म्हणजे ओळीनं पाच रेसचे पाचही विजेते.

तुझ्या मित्राच्या जॅकपॉटचं बघू. पाच रेसमध्ये दहा-दहा घोडी असतील तर एक लाख जोड्या होतात. त्यामुळं माणूस एकेक घोडा धरत नाही, प्रत्येक रेसला दोन-दोन धरतो, मग ३२ तिकिटांचे पैसे, तीन-तीन धरले तर २४३ तिकिटांचे. तेव्हा त्याला लागले किती हे विचारू नकोस, त्या दिवशी आणि त्या अख्ख्या सीझनला त्यानं घातले किती ते विचार, आणि तो खरं सांगतोय का ते त्याच्या तोंडाकडं बघून ठरव. लागलेला जॅकपॉट माणूस वर्षभर सांगतो, न लागलेले कुणी मोजत पण नाही.

आणि करांचं, जे तुला मित्र सांगणार नाहीत. आधी लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झालाय. हिशेबासाठी वरून धरू. १०० लावायला १४० गेले. इव्हनचा घोडा आला, हातात २००, म्हणजे फायदा ६०. पडला तर गेले १४०. असा घोडा खरोखर निम्म्या वेळा येत असेल तर दहा वेळात तुझे गेले १४०० आणि आले १०००. आणि १०० लावून ४० फायदा असा भाव असलेला जबरदस्त फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसा लागलाय तो घोडा, जिंकला तरी तू जिथं होतास तिथंच. त्याच्या वर जिंकलेल्या रकमेवर इन्कम टॅक्स सरसकट ३० टक्के, मोठी रक्कम असेल, म्हणजे १० हजाराच्या वर, तर तिथंच कापून हातात देतात, आणि हरलेले पैसे त्यातनं वजा करता येत नाहीत. म्हणून भावा, हे कमाईचं साधन आहे असं कोण म्हणालं तर त्याला हा एवढा हिशेब कागदावर मांडून दाखव. हा खर्च आहे. खासबागेत कुस्तीचं तिकीट काढतो तसा.

कुस्तीचं नाव निघालंच तर रेसचं मर्म तुला त्यातनंच सांगतो, दुसरीकडच्या माणसाला हे समजवायला मला तासभर लागला असता. मैदानात जोड कशी लावतात? वस्ताद दोघांचं वजन बघतात, तयारी बघतात, मागच्या कुस्त्या बघतात, आणि अशी जोड लावतात की निकाल आधी सांगता येऊ नये. रेसमध्ये हेच काम हँडिकॅपर करतो. घोड्यांचे क्लास असतात, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत, आणि एकाच रेसमध्ये सुद्धा जो घोडा ताकदीचा त्याच्या पाठीवर जास्त वजन, खोगिराखालच्या कापडात शिशाचे तुकडे घालतात, आणि जो कमजोर त्याच्यावर कमी. उद्देश एकच, सगळे एका रेषेत यावेत. म्हणजे तू जेव्हा म्हणतोस 'हा घोडा मागच्या वेळी जिंकला, आज पण येणार' तेव्हा विसरतोस की जिंकला म्हणूनच आज त्याच्या पाठीवर चार किलो वाढलंय, नाहीतर वरच्या क्लासमध्ये ढकललाय. मागच्या वेळी कुणाबरोबर पळाला, किती वजन घेऊन, किती अंतर, ओल्या ट्रॅकवर की कोरड्या, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय नुसता पहिला नंबर बघण्यात अर्थ नाही. पुण्याच्या पावसात तर ट्रॅकचं जास्तच बघायचं, काही घोडी चिखलात फुलतात, काहींचे पाय उचलत नाहीत. हे सगळं रेसबुकात असतं, घोड्याचं वय, वजन, जॉकी, ट्रेनर, मागच्या शर्यती. आदल्या दिवशीच घेऊन बस, रेसच्या दिवशी गर्दीत वाचून काय कळत नाही.

हजार-बाराशे मीटरचा घोडा म्हणजे पहिल्या मिनिटात डाव टाकणारा पैलवान, गेट उघडलं की सुटला पाहिजे, बाहेर पडताना अडखळला की संपलं. दोन हजाराच्या वरचा घोडा वेगळ्या दमाचा. एकाच घोड्याला दोन्ही जमेल असं क्वचित.

पण पुस्तकात नसतं ते पॅडॉकमध्ये असतं आणि मला सगळ्यात प्रिय जागा कुठली विचारशील तर तीच. रेसच्या आधी घोड्यांना तिथं गोल फिरवतात, सईस लगाम धरून चालतोय आणि तू कठड्याला टेकून हातभर अंतरावर उभा. लोक तेव्हा खिडकीवर रांगेत असतात, तू इथं थांब. कातडी बघ, नुसती चमक नाही तर चालताना खालचे स्नायू पाण्यासारखे हलतात का. मागच्या पायांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस आलाय का, थंड हवेत असा फेस म्हणजे घोडा रेसच्या आधीच पळून दमलाय, डोक्यात. कान कुठं आहेत, पुढं की मागं चिकटलेले. आणि चाल. तयार घोडा चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पलीकडं टाकतो, सैल, आरामात, पाऊस झाला असेल तर मातीत ठसे दिसतात बघ. घोडागाडीची जनावरं बघत मोठा झालायस म्हणतोस, तुझी नजर निम्मी तयारच आहे, चंदगड-आजऱ्याकडच्या बाजारात बैलाची चाल बघून किंमत सांगणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत, तीच नजर ही.

मी पहिल्यांदा पुण्याला गेलो तेव्हा तुझ्याच वयाचा होतो, रात्रीच्या एसटीनं, बरोबर वडलांचे एक स्नेही, जुने रेसवाले. त्यांनी मला पहिल्या तीन रेस खिडकीकडं जाऊ दिलं नाही, पॅडॉकला उभं केलं आणि म्हणाले, नंबर मनात धर आणि मला कानात सांग. तीनपैकी माझा एक दुसरा आला, दोन कुठंच नव्हते. एक पैसा न घालवता कळलं की आपल्याला अजून काय येत नाही. चौथ्या रेसला शेवटच्या दोनशे मीटरला दोन घोडी खांद्याला खांदा लावून आली, एकानं जरा आत घेतलं, दुसऱ्याचा तोल गेला आणि तो अर्ध्या लांबीनं हरला. आमच्या पुढं एक वयस्कर गृहस्थ उभे होते, पांढरा सदरा, कोपरापर्यंत बाह्या वर घेतलेल्या, त्यांचं तिकीट त्या हरलेल्या घोड्याचं. त्यांनी ते तिकीट चार तुकडे करून टाकलं आणि निघाले. आणि मग ऑब्जेक्शन लागलं. स्टीवर्डांनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, फिल्म बघितली, नंबर फिरवले, दुसरा होता तो पहिला झाला. ते गृहस्थ परत आले आणि त्या ओल्या गवतात, लोकांच्या पायांमधनं, वाकून ते तुकडे शोधत होते. आम्ही पण शोधायला लागलो. तीन सापडले, चौथा नाही. तेव्हापासून मी शेवटपर्यंत तिकीट हातात धरतो, आणि तू पण धर. रेस संपली म्हणजे संपली नाही, जॉकी खोगीर घेऊन परत काट्यावर बसतो, वजन बरोबर भरलं आणि तक्रार नाही असं झालं की मगच निकाल पक्का.

टेलिग्रामच्या ग्रुपचं सांगतो आणि ह्यात मी अजिबात ऐकून घेणार नाही. ३ हजार देऊ नकोस. ही टिप कशी 'लागते' ते बघ. समजा त्याच्याकडं ८०० माणसं आहेत आणि रेसला ८ घोडी. शंभर-शंभर जणांना वेगवेगळा घोडा पाठवायचा. शंभर जणांना खरी टिप मिळाली, ते खूश, स्क्रीनशॉट टाकणार. बाकीच्यांना 'आज जॉकीनं खेचला' म्हणून सांगायचं. पुढच्या रेसला त्या शंभरातच परत वाटप, बारा-तेरा जण असे उरतात की ज्यांना दोन्ही टिप लागल्या, ते तर त्याला देव मानतात आणि घरदार विकून लावायला तयार होतात. ज्याला खरंच पक्कं माहीत आहे तो तुला ३ हजारात कशाला सांगेल, आणि चार लोकांना सांगितलं की त्या घोड्याचा भाव पडतो, त्याचंच नुकसान. फेव्हरिट तरी पक्का का? जगभरचा ढोबळ अनुभव असा की तीनातनं एकदाच फेव्हरिट येतो, म्हणजे सगळ्या शहाण्यांनी मिळून निवडलेला घोडा पण तीनातनं दोनदा पडतो.

आता तुझे १५ हजार. ते १५ हजार रेसचे नाहीतच. त्यातले २ हजार घे, पूर्ण सीझनसाठी, पाकिटात वेगळे, आणि दिवसाला ५०० च्या वर हात लावायचा नाही. दिवसाला सात-आठ रेस असतात, सगळ्यांत लावायची गरज नाही, तू दोन निवड, बाकीच्या फक्त बघ. सुरुवातीला विन नाहीतर प्लेस, टनाला-जॅकपॉटला हात लावू नकोस. फोनवरचं यूपीआय त्या दिवशी बंद ठेव किंवा फोन मित्राकडं दे. एक वही कर, प्रत्येक रेसला लावलं असो नसो तुझा घोडा, त्याचा भाव, तू का निवडलास आणि काय झालं, चार रकाने. आणि एक वाक्य तुझ्या तोंडात कधी आलं तर त्या क्षणी गेटच्या बाहेर पड, 'गेलेले काढायचे आहेत'. शेवटच्या रेसला हे वाक्य रेसकोर्सवर सगळीकडं ऐकू येतं आणि तुझ्या वडलांच्या तोंडी पण ते असणार, आईला विचार.

वडलांचं म्हणून जरा थांबतो. मटका आणि रेस एक नाही हे मी मान्य करतो, मटक्यात बघण्यासारखं काहीच नसतं, नुसता आकडा, इथं जनावर आहे, माणसाची मेहनत आहे, पहाटे चारला उठून घोडा फिरवणारा सईस आहे. पण घरातनं पैसे जाताना आई-बायकोला ते सारखेच दिसतात, आणि ज्या घरात एकाला नाद लागला त्या घरातल्या पोराला तो लागायला वेळ लागत नाही, हे मी आजूबाजूला बघितलंय. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ १५ हजाराची नाही, 'सांगितलेलं नाही' ही आहे. नाद तिथनं सुरू होतो, लपवण्यापासनं, रक्कम मग कितीही असो. तेव्हा आज संध्याकाळी सांग. असं सांग की मला घोडी बघायला जायचंय, २ हजार ह्या सीझनचे, बाकीचे १३ हजार हे तुझ्याकडं, आणि तू पण चल. खरंच ने तिला. पुण्याचं रेसकोर्स पावसाळ्यात हिरवंगार असतं, पॅडॉकला दोघं उभे राहा, तिला पण नंबर मनात धरायला सांग, नव्या माणसाची नजर कधी कधी आपल्यापेक्षा स्वच्छ असते. आईला सांगायचं का ते बायको ठरवेल, तिला घरातलं जास्त कळतं. आणि कधी असं वाटलं की रेस नसताना पण डोक्यात तेच चाललंय, झोप लागत नाही, उसने घ्यावेसे वाटतायत, तर १४४१६ ला फोन कर, सरकारची टेली मानस लाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, लाजायचं काही कारण नाही.

पहिल्या दिवशी मात्र घोड्यावर एकही तिकीट काढायचं नाही, ५०० सुद्धा घरी ठेव, आत जायच्या तिकिटाचे आणि वडापावचे पैसे तेवढे घे. पहिल्या तीन रेस पॅडॉकला उभा राहा, पुढच्या रेस शेवटच्या दोनशे मीटरच्या कठड्याला, जिथं घोडी जवळनं जाताना जमीन पायाखाली थरथरते. वहीची पहिली दोन पानं भरली की फोटो काढून मला पाठव, कुठला घोडा का निवडलास ते मला वाचायचंय.